तिवरं तोडून चंद्रपुरात झाडं लावली की हिशेब मिटतो का?

खाडीकाठची:
सागरी रस्त्याच्या बातमीखाली इथल्याच एकाने लिहिलंय, "खारफुटी म्हणजे चिखल आणि डास, एकाच्या बदल्यात तीन झाडं लावतायत ना, मग रडायचं कशाला." वाचलं आणि डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते. वर्सोवा-भाईंदर रस्त्यात 45 हजारांवर खारफुटीच्या, म्हणजे तिवराच्या, झाडांचा प्रश्न आहे आणि बदली लागवडीसाठी जागा दाखवली चंद्रपूरची. तिकडे झाडं लावा, जरूर लावा, पण खारफुटीचा बहुतेक कार्बन झाडात नसतोच, खालच्या गाळात असतो. तिवराखालचा गाळ हातात घेऊन बघा, वरचा बोटभर थर तपकिरी आणि खाली काळाकुट्ट, सडक्या अंड्याचा वास येणारा. तो वास येतो कारण तिथे हवाच पोचत नाही, त्यामुळे पानं-मुळं पूर्ण कुजत नाहीत, शेकडो वर्षं गाडलेली राहतात. हेक्टरी बघितलं तर जमिनीवरच्या जंगलाच्या तीन ते पाच पट कार्बन. तो गाळ पोकलेनने उपसून उन्हात टाकला की त्यातला कार्बन हवेत जायला लागतो. चंद्रपूरचं रोप तो कधी भरून काढणार?

मालाडवाला:
ते वाक्य माझंच आहे आणि मी मागे घेत नाही. बाधित झाडं सगळी कायमची जाणार नाहीत, काम झालं की बरीचशी परत उभी करू असं पालिकेने कोर्टात सांगितलंय, कोर्टाने परवानगी दिलीय. लिंक रोडवर रोज संध्याकाळी तासन् तास इंजिन चालू ठेवून हजारो गाड्या उभ्या असतात, त्या धुराचा कार्बन कोणी मोजायचा? माझ्या आईला छातीत दुखायला लागलं तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स त्याच रांगेत अडकली होती. मला हवामान बदल शिकवू नका.

खाडीकाठची:
आईंचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला तेव्हा मिठी नदीचं पाणी मुरायला काठच्या तिवरांची जागा का उरली नव्हती, तेही आठवा. आणि आराखडा बदलता येतो हो! बुलेट ट्रेनला आधी 53 हजारांवर तिवरं जाणार होती, ती 22 हजारांच्या आत आणली. ती तरी का जावीत हा प्रश्न आहेच, पण कमी करता येतात एवढं तर सिद्ध झालं.

पेणकर:
तुम्ही मुंबईवाले रस्ता आणि झाडं करत बसा. आमच्याकडे उलटा प्रकार आहे. बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड गेली, भगदाड पडलं, वेळेवर बुजवली नाही, उधाणाचं खारं पाणी शेतात शिरलं आणि दोन-चार पावसाळ्यात भाताच्या खाचरात तिवरं उभी. सातबारा माझ्या आजोबांच्या नावावरून आलाय. तोडायला गेलो तर गुन्हा, कारण तिवरं तोडायला बंदीचा हायकोर्टाचा आदेश खाजगी जमिनीलाही लागू. बांध घालायला अर्ज घेऊन गेलो तर हे कार्यालय त्या कार्यालयाकडे बोट दाखवतं. पूर्वी जोळातले, म्हणजे एकाच बांधाआडचे, सगळे शेतकरी मिळून खांड बुजवायचे, कोणाला विचारायला लागत नव्हतं. कार्बन साठवायचा तर सरकारने साठवावा, माझ्या शेतात फुकट का?

पर्यावरण_एमएस्सी:
दादा, शास्त्रीय बाजू सांगतो. पाणी भरलेल्या भातखाचरातून मिथेन हा पृथ्वी तापवणारा वायू निघतो. खाऱ्या गाळात सल्फेट असल्यामुळे मिथेन फार कमी तयार होतो. म्हणजे हवामानाच्या दृष्टीने बघितलं तर तिथे तिवरं आलेलीच बरी.

पेणकर:
म्हणजे आम्ही भात पिकवून पाप केलं? तुम्ही दुपारी काय खाता ओ? गोड्या पाण्याचा टिपूस नसलेल्या खारात आमच्या माणसांनी खांद्यावर माती वाहून जमीन उभी केली, आणि एसीत बसून तुम्ही मिथेन मोजता. परत असलं बोलू नका.

पर्यावरण_एमएस्सी:
मी फक्त वायूचं बोललो, तुमच्या कष्टाबद्दल नाही. पण आकडे आवडले नाहीत म्हणून बदलत नाहीत.

खाडीकाठची:
एमएस्सी, थांब जरा, जमीन गेलेल्या माणसाला हे ऐकवायचं नसतं. पेणकर दादा, तुमचं शेत गेलं ते तिवरामुळे नाही, खांड बुजवली नाही म्हणून. तिवर मागून आलं. भांडण बांधाच्या पैशासाठी करा, मी तुमच्या बाजूने लिहीन. आणि लोकांना यातून पैसा मिळू शकतो, वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन, म्हणजे तिवरांच्या जंगलाची, सफारी चालवतात.

पेणकर:
सगळ्या गावांनी होड्याच चालवायच्या का? बरं, एक मानतो, बाहेरकाठ्याच्या पलीकडे तिवरं पाहिजेतच, लाटेचा मार तीच खातात, जिथे तोडली तिथे बांध टिकला नाही हे डोळ्यांनी बघितलंय. पण काठ्याच्या आतलं तिवर मला तोडू द्या, नाहीतर दरवर्षी भाताचं नुकसान भरून द्या.

मालाडवाला:
विषय माझ्या रस्त्याचा होता, पोचला पेणला. गाळाचा मुद्दा मला आधी कोणी सांगितला नव्हता, तेवढा पटला. तरी रस्ता हवाच.

खाडीकाठची:
मग तो खाडीतून किती मीटर जातो आणि खांबांवर किती, ते तरी पालिकेला विचारा. मी विचारलंय, उत्तर आलं की इथेच टाकते.

पेणकर:
आणि माझी खांड?