स्टँडर्ड पूडलला पक्ष्यांच्या शिकारीसाठी कसं तयार करावं?

पिसारा:
१० महिन्यांचा स्टँडर्ड पूडल आहे. नर, वजन २३ किलो. फेझंट (लांब शेपटीचा रानपक्षी) आणि बदक, दोन्हींसाठी तयार करायचा आहे. ‘बस’, ‘ये’, ‘थांब’ पक्कं आहे, चेंडू हातात आणून देतो. कॅनव्हासची डमी (पक्ष्याऐवजी फेकायची सरावाची गुंडाळी) हीही आणतो, पण तिला पंख बांधले की हुंगतो आणि बाजूला होतो. उंच गवतात सोडला की ५०-६० मीटर पुढे निघून जातो. बंदुकीचा आवाज अजून ऐकवलेला नाही. हंगाम चार महिन्यांवर आहे. याला पॉइंट शिकवता येईल का? आणि केस किती ठेवावेत?

नागमोडी:
पॉइंटचा विचार सोडून द्या. वास लागताच जागच्या जागी खिळून उभं राहणं पॉइंटर-सेटरच्या रक्तात पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आलंय. पूडल मुळात पाण्यातून बदक काढून आणणारा कुत्रा. ‘थांब’ शिकवून पॉइंटसारखं दिसणारं काहीतरी करून घेता येईल, पण तो वासावर नाही, तुमच्या हुकमावर थांबलेला असेल. त्याच्याकडून स्पॅनियलचं काम घ्या: बंदुकीच्या टप्प्यात नागमोडी फिरायचं, पक्षी उठवायचा, उठताच खाली बसायचं, पडलेला आणून द्यायचा. हे काम पूडल फार सुंदर करतो.

आता अंतर. छर्ऱ्यांचा भरवशाचा टप्पा साधारण ३५ मीटर. बंदूक खांद्याला लागेपर्यंत उठलेला पक्षी १० ते १५ मीटर जातो. म्हणजे कुत्रा २० मीटरच्या आत हवा. ५० मीटरवर उठवलेला पक्षी फुकट गेला, आणि कुत्रा त्यामागे धावला तर सवयही बिघडली. यासाठी नेहमी वाऱ्याच्या तोंडाला चाला. पाठीमागून वारा असला की कुत्रा आधी लांब पळतो आणि मग तुमच्याकडे वळून वास घेत येतो. गळ्यात १० मीटरची दोरी मोकळी सोडा. कडेला पोचला की शिट्टीचे दोन छोटे ठोके द्या आणि तुम्ही स्वतः उलट्या बाजूला वळा. वळून जवळ आला की ५-६ मीटरवरच्या गवतात आधीच लपवलेला चेंडू त्याला सापडू द्या. माल तुमच्या आसपासच मिळतो हे कळलं की कुत्रा आपोआप जवळ राहतो. शिट्टी प्लास्टिकची, ठरावीक स्वराची घ्या (स्पॅनियलवाले बहुतेक २१०.५ नंबरची वापरतात), म्हणजे हरवली तरी त्याच सुराची दुसरी मिळते.

सगळ्यात जास्त वेळ मात्र ‘बस’च्या एका लांब शिट्टीवर घालवा. आधी जेवणाच्या ताटलीसमोर, मग चालताना, मग पळताना, मग फेकलेल्या डमीमागे धावत असताना, आणि हे सगळं पक्कं झाल्यावरच जिवंत पक्ष्यावर. पूडल चांगली गोष्ट जितक्या लवकर उचलतो तितक्याच लवकर वाईटही उचलतो. उठलेल्या पक्ष्यामागे मनसोक्त धावायला एकदा मिळालं तर ते पुसायला महिने लागतात. हा नुसता शिस्तीचा प्रश्न नाही. खालून उडणाऱ्या पक्ष्यामागे झेपावणारा कुत्रा छर्ऱ्यांच्या वाटेत येतो. पक्ष्यामागे मोकळं आकाश दिसत नसेल तर बार टाकायचाच नाही.

कुसळ:
पंखांबद्दल. पिसं तोंडाला चिकटतात ते पूडललाच काय, बऱ्याच कुत्र्यांना आवडत नाही. जबरदस्तीने तोंडात कोंबू नका, कायमचा तिटकारा बसेल. डमीला आधी एकच सुका पंख, तोही रबरबँडने घट्ट. तो बिनतक्रार आणू लागला की दोन, मग चारी बाजूंनी. त्यानंतर पूर्ण थंड, कोरडं, रक्त न लागलेलं मेलेलं कबूतर, जुन्या नायलॉनच्या मोज्यात घालून. मोज्यामुळे पिसं सुटत नाहीत. मग मोजा काढा. ताजा, ऊबदार पक्षी सगळ्यांत शेवटी.

एका वेळी तीन-चार फेकी पुरेत. लॅब्राडोर वीस वेळा तीच डमी आनंदाने आणेल. पूडल पाचव्यांदा तुमच्याकडे बघत उभा राहतो आणि तुम्ही ओरडलात तर पुढच्या दिवशी डमीच नाकारतो. दोरीची ओढाताण खेळत असाल तर बंद करा, त्यातून पक्षी चावायची सवय लागते.

केस: हंगामात अंगभर दीड-दोन सेंटीमीटर. त्याहून लांब ठेवले तर गोखरू गुंततात आणि पाण्यात अंग जड होतं, अगदी कातडीलगत कापले तर काट्यांनी ओरखडे येतात. कानांच्या आतले आणि बोटांमधले केस साफ काढा. गवताची कुसळं तिथूनच आत शिरतात आणि कातडीखाली पुढे सरकत जातात. घरी आल्यावर बोटांच्या फटी, काखा, कान आणि पापण्या रोज बोटांनी चाचपा.

बारूद:
बंदुकीचा आवाज नुसता एकटा ऐकवू नका, डमीच्या कामाशी जोडूनच ऐकवा. मदतनीस ८०-१०० मीटरवर, हातात कोऱ्या काडतुसांचं स्टार्टर पिस्तूल, तोंड दुसरीकडे. कुत्रा फेकलेल्या डमीमागे पूर्ण वेगात असताना एकच बार. वळूनही बघितलं नाही तर पुढच्या खेपेस १० मीटर जवळ. कान पाडले, शेपूट खाली गेली किंवा परत आला, तर तिथेच थांबा आणि पुढच्या वेळी अंतर दुप्पट करा. पिस्तूल जवळ चालू लागल्यावर छोट्या बोअरची (बारीक नळीची) बंदूक, पुन्हा लांबून, १२ बोअर शेवटी. सवय व्हावी म्हणून नेमबाजीच्या मैदानावर नेऊन बसवणं हा कुत्रा बिघडवण्याचा हमखास मार्ग आहे.

आणखी एक. स्टँडर्ड पूडलची छाती खोल असते आणि पोटाला पीळ पडायचा धोका या जातीत जास्त. शिकारीच्या सकाळी भरपेट देऊ नका. रात्री खाऊ घाला, दिवसभर थोडं थोडं पाणी, आणि काम संपल्यावर निदान तासाभराने जेवण. पोट फुगलेलं, उलटी काढायचा प्रयत्न पण बाहेर काही येत नाही असं दिसलं तर त्याच क्षणी पशुवैद्य गाठा.

पिसारा:
फार उपयोगी, आभार. बदकाचं अजून विचारतो. पाण्यातून डमी आणतो, पण काठावर येताच ती खाली टाकून अंग झटकतो. खऱ्या बदकाला हे चालणार नाही ना?

नागमोडी:
नाही चालणार. जखमी बदक तेवढ्यात परत पाण्यात जाऊन बुडी मारतं. काही दिवस तुम्ही घोटाभर पाण्यात उभे राहा आणि तो झटकायच्या आधीच डमी हातात घ्या, मग ‘झटक’ म्हणून मोकळा करा. जमलं की दर वेळी पाऊलभर मागे सरका. आमिषाची लाकडी-प्लास्टिकची बदकं आधी कोरड्या जमिनीवर मांडा, त्यांच्यामधून फिरवा आणि डमी त्यांच्या पलीकडे फेका. नाहीतर पहिल्याच दिवशी तो नकली बदक दोरीसकट ओढत आणेल किंवा पायात दोरी अडकवून घेईल.

पक्षी उठवणं आणि आणून देणं, चार महिन्यांत दोन्ही कामं होणार नाहीत. या हंगामात फक्त पडलेले पक्षी आणवा, एकाच बंदुकीबरोबर, आणि बार तुम्ही न टाकता सोबत्याला टाकू द्या म्हणजे तुमचं लक्ष कुत्र्यावर राहील. पक्षी उठवायचं काम पुढच्या वर्षी.