रस्ता खोदला तेव्हा तुमच्या गल्ल्यात काय पडलं? – इंदूरकरांचा अनुभव धागा

रामबागवाला: राजवाडा ते बडा गणपती रुंदीकरण झालं. एबी रोडवर २०१३ला बीआरटीएस, म्हणजे बसची वेगळी लेन, सुरू झाली, २०२५ला ती काढायला सुरुवात झाली. मेट्रोची बॅरिकेडं आहेतच. नव्या रस्त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मधल्या काळात दुकान कसं चाललं, भाडं कुठून भरलं, ते लिहा. ‘विकास हवाच’ आणि ‘सब चोर हैं’ ही दोन्ही भाषणं ऐकून झालीत, ती नकोत.

वहीवाला: खजुरी बाजारात वह्या-पुस्तकं विकतो. शाळा उघडतात ते दोन-तीन महिने म्हणजेच आमचं वर्ष. खोदाई नेमकी तेव्हाच आली. लोडिंग रिक्षा कृष्णपुऱ्याच्या पुलाशी थांबायची, पुढे हम्माल डोक्यावर गठ्ठे आणायचे आणि खेपेमागे वेगळे पैसे घ्यायचे. वहीमागे सुटतात चिल्लर, ते तिथेच संपायचे. धूळ तर विचारू नका. पुठ्ठा मळला की कोरी वहीसुद्धा लोक जुन्याच्या भावात मागतात. गाइडं उरली, अभ्यासक्रम बदलला आणि ती रद्दीत गेली. त्यात दुकान पगडीचं. पुढचा ओटा रुंदीकरणात गेला, पण बोलणी झाली ती घरमालकाशी. आमची जागा कमी झाली, भाडं तेवढंच. रस्ता आता झकास आहे, नाही म्हणत नाही. पण पालकांना कॉलनीतल्या दुकानाची सवय लागली ती लागलीच.

टायर-ट्यूब: खरं सांगू भिया? माझी ग्राहकी वाढली. चौकात गिट्टी पसरलेली, दिवसभर पंक्चर. शेजारचा चहावाला मात्र ठेला उचलून गेला. गाड्या थांबायलाच जागा नाही, तर चहा कोण पिणार?

सुदामानगरची काकू: मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते, चालेल ना? चैत्रातल्या हळदीकुंकवाचे ब्लाउजपीस मी वर्षानुवर्षं सीतलामाता बाजारातून आणायची. त्या वर्षी नालीवर टाकलेली फळी बघितली आणि गुडघ्यांनीच नकार दिला. सुनेनं मोबाइलवर मागवले. पोत बरा नव्हता, पण घरपोच आले. आता रस्ता चांगला झालाय, तरी मी काही जात नाही. दुकानदारांना वाईट वाटेल, पण आहे हे असं आहे.

निवृत्त सिव्हिल: थोडी दुसरी बाजू. जुन्या शहरात वरचा रस्ता हे शेवटचं आणि सोपं काम. आधी ड्रेनेज, मग पाण्याची लाइन, पावसाळी नाली, विजेच्या केबली, आणि प्रत्येक घराचं कनेक्शन वेगळं जोडायचं. जुनी लाइन नेमकी कुठून जाते ते खोदल्यावरच कळतं. काँक्रीट टाकल्यावर पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. वाहतूक चालू ठेवायची म्हणून अर्धी रुंदी आधी, अर्धी नंतर. म्हणजे हेच चक्र दोनदा. छप्पन दुकानची खाऊगल्ली २०२०मध्ये भराभर नवी झाली असं सगळे ऐकवतात, पण ती एक छोटी गल्ली. मल्हारगंज-गोराकुंडाच्या जुन्या वस्तीशी तिची तुलना नको.

वहीवाला: साहेब, २८ दिवस मान्य. पण खड्डा खणून माणसं गायब व्हायची, ते कुठल्या काँक्रीटसाठी? आम्हाला फक्त दोन गोष्टी हव्या होत्या: काम कधी संपणार ती तारीख लिहिलेली पाटी, आणि हातगाडी जाईल एवढी वाट. सीझन सोडून खोदलं असतं तर मी स्वतः चहा पाजला असता.

रामबागवाला: भाड्यात सूट कुणाला मिळाली का?

फॉल-पिको: मला मिळाली. मालकांचं खाली चांदीचं दुकान, त्यांचीही ग्राहकी बसलेली. म्हणाले, ताई, तूर्तास निम्मं द्या. दिवाळी झाल्यावर उरलेलं निम्मं मागितलं, मागच्या सगळ्या महिन्यांचं.