टिल्टवर चालणारा गेम सगळ्यांना खेळता यावा यासाठी काय करावं?

घरंगळ_गेम्स:
नमस्कार मंडळी. युनिटीमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) छोटा गेम बनवतोय, फोन डावी-उजवीकडे कलवला की चेंडू घरंगळतो, भोकं चुकवत त्याला शेवटपर्यंत न्यायचं, बस एवढंच. टेस्टिंगला दिला तर बहुतेकांना आवडला पण तीन जणांना खेळताच आला नाही आणि ते मला मनापासून सोडवायचंय. एकजण कुशीवर पडून खेळतो, त्याचा चेंडू सुरू झाल्या झाल्या भिंतीला चिकटतो. एका काकूंचे हात थरथरतात तर चेंडू पण थरथरतो. तिसऱ्याचा फोन व्हीलचेअरच्या स्टँडला पक्का बसवलेला, त्याला कलवताच येत नाही. सध्या अ‍ॅक्सेलरोमीटरचं (फोनचा कल ओळखणारा सेन्सर) एक्स, म्हणजे डाव्या-उजव्या दिशेचं, रीडिंग घेऊन त्याला एका आकड्याने गुणतोय. कुठून सुरू करू?

निवांत_कोडर:
कुशीवर पडणाऱ्याचं आधी सांगतो. फोन टेबलावर सपाट ठेवलाय म्हणजे शून्य, हे गृहीतक कोडमधून काढून टाक, शून्य खेळाडूने ठरवायचं. फोन स्थिर असताना अ‍ॅक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा देतो, युनिटीत त्याची लांबी साधारण १ येते. 'सुरू' दाबल्यावर अर्धा सेकंद रीडिंगची सरासरी घे आणि ती दिशा जपून ठेव. मात्र नुसतं एक्समधून जुना एक्स वजा करू नकोस, बरेच जण तेच करतात पण कुशीवर असताना एक्स आधीच १ च्या जवळ असतो, मग डावीकडे कलवा नाहीतर उजवीकडे, तो कमीच होतो आणि दिशाच कळत नाही. त्याऐवजी युनिटीचं फ्रॉमटूरोटेशन हे फंक्शन वापरून सुरुवातीची दिशा 'सपाट'वर आणणारं रोटेशन काढ, प्रत्येक रीडिंगला ते लाव, मग त्यातला एक्स घे. आणि पॉज स्क्रीनवर 'आत्ताची स्थिती शून्य धर' असं मोठं बटण दे, माणूस कूस बदलतोच.

अक्ष_वाय:
काकूंसाठी. पार्किन्सन्समध्ये हात स्वस्थ असतानाचा कंप सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा असतो, इसेन्शियल ट्रेमर या हात थरथरण्याच्या दुसऱ्या विकारात साधारण ४ ते १२. मुद्दाम फोन कलवणं त्याहून बरंच सावकाश होतं, म्हणजे २ हर्ट्झच्या (सेकंदाला २ वेळा) आसपास लो-पास फिल्टर, म्हणजे सावकाश बदल ठेवून जलद बदल गाळणारं गणित, लावलास तर थरथर बरीच गळून जाते आणि हेतू शिल्लक राहतो. किंमत म्हणजे थोडा उशीर, चेंडू जरा मागून येतो, म्हणून फिल्टर वाढवलास की चेंडूचा वेग पण कमी कर नाहीतर भोक चुकवायला वेळच मिळत नाही. दर फ्रेमला ठरावीक ०.१ लर्प (जुन्या रीडिंगला नव्याकडे तेवढ्या हिश्श्याने सरकवणं) करू नकोस हं, सेकंदाला ३० आणि १२० फ्रेमवाल्या फोनवर वेगवेगळं वागतं, डेल्टाटाइम (दोन फ्रेममधला वेळ) धरून गणित कर. शिवाय मधले २-३ अंश डेड झोन ठेव, म्हणजे तेवढ्या कलण्याने चेंडू हलणार नाही, पण तो ओलांडल्यावर वेग शून्यापासूनच चढू दे, एकदम झटका नको. पूर्ण वेगासाठी किती कलवायचं तेही स्लायडरवर सोड, कुणाचं मनगट १० अंशच वळतं, कुणाला ४० वर बरं वाटतं.

सोपं_असावं:
तिसऱ्याला वरचं काहीच उपयोगाचं नाही, त्याला टिल्टशिवाय खेळता आलं पाहिजे. डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये (वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीचे निकष, २०१८) २.५.४ हा निकष यासाठीच आहे आणि तो सगळ्यात खालच्या, म्हणजे ए पातळीवर आहे: जे हालचालीने होतं ते स्क्रीनवरच्या बटणानेही व्हावं, आणि हालचालीवर चालणं बंद करता यावं. ते वेबसाठी लिहिलंय पण विचार गेमला तसाच लागू. दुसरा भाग लोक विसरतात. व्हीलचेअरला रस्त्यात धक्के बसतात, टिल्ट बंद केल्यावर सेन्सर वाचणंच थांबव. स्क्रीनचा डावा अर्धा-उजवा अर्धा हीच दोन बटणं कर, आणि एका स्विचवर (एकच बटण दाबून) खेळणाऱ्यासाठी टॅप केला की दिशा बदलते असा मोड. स्क्रीन उभा की आडवा तेही खेळाडूला निवडू दे, स्टँड वळवता येत नाही. आणि हे सगळं पहिल्याच स्क्रीनवर ठेव, सेटिंग्जच्या तीन पायऱ्या खाली पुरलंस तर सापडणार नाही.

घरंगळ_गेम्स:
खूप आभार, रोटेशनवालं चाललं, कुशीवर पण चेंडू मधोमध राहतोय! एक विचारतो, टचने खेळणं सोपं पडेल ना, मग स्कोअरबोर्ड वेगळा ठेवू का?

निवांत_कोडर:
मी तरी वेगळा ठेवेन, अचूक खेळणाऱ्यांना तुलना सारख्याची सारख्याशी हवी असते.

सोपं_असावं:
मला नाही पटत. वेगळा बोर्ड म्हणजे 'तुम्ही खऱ्या खेळात नाही' असं सांगणं झालं. टच खरंच सोपं पडतंय का ते आधी खेळवून बघ, पडत असेल तर टचमध्ये चेंडूचा प्रवेग थोडा कमी कर, बोर्ड एकच राहू दे. आणि हे आपण इथे ठरवण्यापेक्षा त्या तिघांनाच विचार, गेमची नवीन आवृत्ती त्यांच्याकडे आधी पाठव.