टिकल विरुद्ध दोस पिलास: ही भाऊबंदकीच ना?

रातकिडा: मध्य अमेरिकेतली माया संस्कृती म्हणजे पंचांग आणि पिरॅमिड, एवढंच डोक्यात होतं. काल त्यांच्या दोस पिलास या नगरराज्यातल्या कोरीव जिन्याबद्दल वाचलं आणि झोप उडाली. टिकल हेही मायांचंच नगरराज्य, मग टिकलच्याच राजघराण्यातला दोस पिलासचा राजा टिकलवर चालून का जातो?

जुनी_विटी: भाऊबंदकीच! त्या राजाचं नाव बालाज चान काविल, जन्म इ.स. 625. बहुधा टिकलच्या राजाचा भाऊ, सख्खा की सावत्र यावर वाद. पोर चार वर्षांचं असताना त्याला दोस पिलासच्या गादीवर बसवलं. पुढे 650 च्या सुमारास टिकलचं वैरी नगरराज्य कालाकमुलने दोस पिलासवर हल्ला केला, हा पळाला आणि परतला तो त्यांचाच मांडलिक होऊन. 679 मध्ये टिकलला असं झोडपलं की जिन्यावर रक्ताची तळी नि कवट्यांची रास कोरून ठेवली. त्या जिन्याच्या काही पायऱ्या 2001 च्या वादळात झाड उन्मळलं म्हणून उजेडात आल्या. आणि गंमत म्हणजे राजचिन्ह शेवटपर्यंत टिकलचंच वापरलं पठ्ठ्याने!

रातकिडा: मग कालाकमुलने टिकल खालसा का नाही केलं?

जुनी_विटी: तशी रीतच नव्हती. हरलेल्याची गादी राहू द्यायची, नजराणे घ्यायचे, आपल्या तालावर नाचवायचं. पण 695 मध्ये टिकलच्या हरलेल्या राजाच्या मुलाने, हसाव चान काविलने, कालाकमुललाच लोळवलं. नेहमी फोटोत दिसतं ते टिकलचं उंच मंदिर त्याच्याच थडग्यावर आहे. विजयाची हकिकत दारावरच्या तुळईत कोरलीय.

घोलवडकर: ती तुळई चिकूच्या लाकडाची बरं का. आमच्या वाडीतला चिकू मूळचा तिकडचाच!