गुडघ्याची कूर्चा: स्टेम सेलचं इंजेक्शन की स्कॅफोल्ड? सल्ला हवाय

वाटसरू
धाकट्या भावाचा (वय ३४) गुडघा खेळताना पिरगळला. सूज उतरली, पण जिना उतरताना आत काहीतरी अडकतं म्हणतो. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या टोकावरची कूर्चा (हाडावरचं गुळगुळीत, लवचिक अस्तर) एका जागी पार हाडापर्यंत गेलेली दिसली, साधारण ३ चौ. सेंमी. बाकी सांधा चांगला आहे. एका सर्जननी त्याच्याच पेशी वाढवून पडद्यावर बसवायचा पर्याय सांगितला, त्यात दोन ऑपरेशनं. दुसरीकडे म्हणतात, स्टेम सेलचं (मूळपेशी, ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनू शकतात) एकच इंजेक्शन, कापाकापी नाही. भावाला अर्थातच दुसरं पटलंय! कुणाला अनुभव?

अस्थिपंजर
इंजेक्शनवाल्यांना आधी हे विचारा: सांध्यात सोडलेल्या पेशी नेमक्या त्या खड्ड्यातच जाऊन बसतील कशावरून? त्यांना जागेवर धरायलाच स्कॅफोल्ड लागतो, म्हणजे कोलॅजनची (शरीरातलं धाग्यांसारखं प्रथिन), हायल्युरोनिक आम्लाची किंवा हळूहळू विरघळणाऱ्या पॉलिमरची सच्छिद्र जाळी. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, पेशीही मोजक्या, म्हणून ती आपली आपण भरून येत नाही.

सर्जन म्हणतात ते, पडद्यावर पेशी बसवायचं, बहुधा 'मॅसी'. मूळ पद्धत स्वीडनची, ब्रिटबर्ग आणि पीटरसन यांच्या गटाने १९९४ मध्ये २३ रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. तेव्हा खड्ड्यावर हाडाच्या आवरणाचा तुकडा शिवून त्याखाली पेशींचं द्रावण सोडत. आता कोलॅजनच्या पडद्यावर पेशी चढवतात, पडदा खड्ड्याच्या मापाने कापतात आणि फायब्रिनच्या गोंदाने चिकटवतात. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. पडदा डुकराच्या कोलॅजनचा असतो, कुणाला चालत नसेल तर आधीच बोला. आणि यातल्या पेशी स्टेम सेल नव्हेत, भावाच्याच कूर्चेतल्या.

खारीक
आई ६८ची, दोन्ही गुडघे झिजलेत. तिला पडदा चालेल?

अस्थिपंजर
नाही हो. हे पंक्चर काढायचं काम आहे, तिथे टायरच गुळगुळीत झालंय.

कडूकारलं
स्टेम सेल म्हणजे सगळंच थोतांड, असंही नाही. दक्षिण कोरियात २०१२ पासून 'कार्टिस्टेम'ला मान्यता आहे. नाळेच्या रक्तातल्या मूळपेशी हायल्युरोनिक आम्लात मिसळून खड्ड्यात भरतात. म्हणजे ऑपरेशन तिथेही चुकलं नाही!

मूळपेशींची खोड अशी की कूर्चा बनवता बनवता त्या हाडाच्या वाटेला लागतात. आपल्याला हवं कूर्चेतलं टाइप २ कोलॅजन, त्या हाड होण्याआधीचं टाइप १० बनवायला घेतात. नुसत्या इंजेक्शनचं म्हणाल, तर २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये मोठी चाचणी आली. गुडघ्याच्या संधिवातात अस्थिमज्जेतल्या, चरबीतल्या आणि नाळेतल्या पेशी स्टिरॉइडशी ताडून पाहिल्या. वर्षभरानंतर दुखणं कमी करण्यात एकही सरस ठरली नाही.

निम्मीशिम्मी
माझं मॅसीच झालंय. पहिल्या वेळी दुर्बिणीतून, जिथे भार पडत नाही तिथला कूर्चेचा छोटासा तुकडा काढतात. प्रयोगशाळेत पेशी वाढायला काही आठवडे जातात, मग दुसरं ऑपरेशन. खरी परीक्षा त्यानंतर. कुबड्या, ब्रेस आणि पाय आपोआप वाकवून सरळ करणारं ते यंत्र. पट्ट्यांनी बांधलेला पाय इंच इंच वर येतो नि आपण छताकडे बघत पडून राहायचं. दुखणं लवकर कमी होतं आणि माणूस सोकावतो, पण पडद्यावरची कूर्चा तेव्हा अजून मऊच असते. धावायचं नाव वर्षभर नको. भाऊ तेवढा शहाणा आहे का, हे आधी बघा.

कडूकारलं
अजून एक. पाय बाकदार असेल, लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) किंवा मेनिस्कस (सांध्यातली गादी) फाटलं असेल, तर ते आधी किंवा सोबतच दुरुस्त करावं लागतं. नाहीतर सगळा भार पुन्हा त्याच जागेवर.

वाटसरू
पायाच्या रेषेचं कुणी बोललंच नव्हतं. इंजेक्शनवाल्यांना फोन केला. पेशी कुठल्या, किती, कुठल्या चाचणीतल्या, असं विचारलं, तर "आमची खास पद्धत आहे" एवढंच उत्तर. भाऊ जरा नरमलाय. एकच ऑपरेशन असलेलं मायक्रोफ्रॅक्चर कसं?

अस्थिपंजर
हाडाला बारीक भोकं पाडून मज्जा वर आणतात. पण भरून येते ती तंतुमय कूर्चा, मूळच्यापेक्षा कमी टिकाऊ. २ चौ. सेंमी.च्या आतल्या खड्ड्याला ठीक, ३ ला मी नाही सुचवणार. उभं राहून काढलेला पूर्ण पायाचा एक्स-रे घेऊनच सर्जनकडे जा.