मायोइलेक्ट्रिक हाताला स्पर्शसंवेदक बसवला, तर कागदी पेला चेपणे थांबेल काय?

वागळे_इस्टेटकर
माझ्या धाकट्या भावाचा उजवा हात चार वर्षांपूर्वी पॉवर प्रेसमध्ये कोपराखाली गेला. गेल्या वर्षापासून तो मायोइलेक्ट्रिक, म्हणजे उरलेल्या स्नायूंच्या विद्युत सिग्नलांवर चालणारा, कृत्रिम हात वापरतो. स्टीलचा पेला, दाराची कडी, बाजाराची पिशवी हे सारे त्याला जमते. परंतु टपरीवर कागदी पेल्यात चहा मिळाला की एक तर पेला चेपतो, नाहीतर हळूच निसटतो, आणि ते टाळण्यासाठी त्याला बोटांवरून नजर हलवता येत नाही. मानवी त्वचेच्या धर्तीवरील संवेदकांविषयी हल्ली बरेच वाचनात येते. ते बसवले, तर त्याला स्पर्श कळू लागेल काय?

संवेदक_ऐरोली
दादा, हाताला कळणे वेगळे आणि आपल्या भावाला कळणे वेगळे; पहिले पुष्कळ सोपे आहे.

आपल्या तळहाताच्या व बोटांच्या त्वचेत सुमारे १७,००० स्पर्शग्राही चेतातंतू असतात आणि त्यांच्यात कामाची वाटणी असते. मर्केल ग्राही दाब असेपर्यंत संदेश देत राहतात. माइसनर आणि पॅसिनी मात्र काही बदलले तरच बोलतात, त्यामुळे वस्तू घसरू लागताना होणारी बारीक थरथर तेच टिपतात. अभियंत्यांनी हीच वाटणी उचलली आहे. दाबाने विद्युतरोध किंवा धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलणारा संवेदक स्थिर दाब मोजतो, तर पीव्हीडीएफ या दाबविद्युत (दाबल्यावर विद्युतभार निर्माण करणाऱ्या) प्लास्टिकची पातळ फिल्म केवळ बदलाला प्रतिसाद देते, कारण तिच्यावरचा विद्युतभार लवकर ओसरतो. वजनकाट्यात हा दोष ठरला असता. निसटणे ओळखताना तोच गुण ठरतो.

धडधाकट हातातूनही पेला घसरतो, पण साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात, आपल्या ध्यानात येण्यापूर्वीच, पकड घट्ट होते. एवढे काम हातातल्या प्रोसेसरलाही करता येते, आणि घसरण ओळखून स्वतःहून पकड वाढवणारे कृत्रिम हात बाजारात आहेत. म्हणजे पेला वाचेल. भावाला मात्र त्यातले काहीच जाणवणार नाही.

कोपरी_पूर्व
मी कृत्रिम अवयव बसवण्याचे काम करतो, म्हणून आधी एक रुक्ष सूचना: सॉकेट, म्हणजे उरलेला हात ज्यात बसतो तो साचा, सैल झाले असेल किंवा आत घाम साचत असेल, तर स्नायूंचे सिग्नलच उड्या मारतात आणि दोष बोटांना दिला जातो. ते प्रथम तपासून घ्यावे. धारकतेवर चालणारे संवेदक उघडे राहिले, तर आपल्याकडच्या पावसात ओल्या मोबाइलच्या पडद्यासारखे गोंधळतात, हेही लक्षात असू द्यावे.

खऱ्या जाणिवेसाठी चेतेपर्यंत जावे लागते. २०१३ साली रोममध्ये अभियंते सिल्व्हेस्त्रो मिचेरा यांच्या गटाने हात गमावलेल्या एका डॅनिश गृहस्थाच्या दंडातील चेतांमध्ये इलेक्ट्रोड बसवले, तेव्हा डोळे बांधलेले असतानाही त्यांना वस्तू मऊ की कडक हे ओळखता आले. परंतु तो प्रयोग होता आणि महिनाभराने ते इलेक्ट्रोड काढावे लागले. शस्त्रक्रियेविना जमणारा मार्ग म्हणजे कृत्रिम अंगठ्याखाली दाबसंवेदक आणि तो दाब कळवणारी कातडीवरची छोटी कंपन-मोटार. काही जणांच्या उरलेल्या हातावर अशा जागा सापडतात, जिथे स्पर्श केला की गेलेले बोट जाणवते. मोटारीसाठी अशी जागा भावाला डोळे मिटायला सांगून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने शोधून पाहा.

वागळे_इस्टेटकर
काल रात्री शोधले. आतल्या बाजूला, कोपरापासून चार बोटे खाली, त्याला अंगठा जाणवला. करंगळी कुठेही सापडली नाही. अडचण अशी, की ती जागा स्नायूंचे सिग्नल टिपणाऱ्या सॉकेटमधल्या इलेक्ट्रोडला अगदी लागून आहे. मोटार तिथे चालेल काय?

कोपरी_पूर्व
कंपन-मोटार तिथे नको. स्नायूंचे सिग्नल साधारण २० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतात आणि नाण्याएवढ्या मोटारीचे कंपन नेमके त्याच पट्ट्यात पडते, त्यामुळे हात आपोआप उघडझाप करू लागण्याची भीती आहे. त्याऐवजी छोट्या सर्व्होने (हव्या तेवढ्याच कोनात फिरणाऱ्या मोटारीने) ती जागा हळूच दाबावी. पकड जितकी घट्ट, तितका दाब अधिक. सॉकेटला भोक पाडण्याचे काम मात्र घरी करू नये. सॉकेट घेऊन भावालाच सोबत आणावे, म्हणजे जागा त्याच्याकडूनच नक्की करून घेता येईल.