मदत हवी आहे: इलेक्ट्रिक शब्दातल्या अँबरला मराठीत काय म्हणायचं? (अर्जंट)

समईवात: परवा मुलीचं भाषण आहे, विषय इलेक्ट्रिक शब्द कुठून आला, तर तो अँबरच्या ग्रीक नावावरून. शब्दकोशात अँबरला अंबर दिलंय पण अंबर म्हणजे आकाश ना, बाई म्हणतात राळ लिहा. आणि तो प्रयोग पण होत नाहीये, दहा वेळा केला. प्लीज लवकर सांगा.

जुनावायरमन: कुठला प्रयोग? काय घासलंत, कशावर? कितवीत आहे मुलगी?

शब्दवेडी: राळ नको, राळ कुठल्याही झाडाची असते, अँबर म्हणजे लाखो वर्षं जमिनीत राहून दगडासारखी झालेली राळ. अंबर म्हटलं की देवमाशाचं सुगंधी द्रव्यही डोळ्यापुढे येतं. संस्कृतात फार सुंदर शब्द आहे, तृणमणी, गवताची काडी ओढून घेणारा मणी. फारसीत कहरुबा, तेही काडी ओढणारा असंच, आणि अरबीत आज विजेला त्यावरूनच कहरबा म्हणतात. ग्रीकमध्ये या मण्याला इलेक्ट्रॉन. राणी एलिझाबेथचा डॉक्टर विल्यम गिल्बर्ट, त्याने १६०० साली चुंबकावरच्या पुस्तकात लॅटिन इलेक्ट्रिकस वापरला, म्हणजे घासल्यावर तृणमणीसारखं ओढणारं. काच, गंधकसुद्धा ओढतात हे त्याने दाखवलं.

आरटीओपास: इलेक्ट्रिक स्कूटर घेताय का, तर बॅटरीची वॉरंटी आधी बघा, मी दोन वर्षं वापरतोय.

समईवात: स्कूटर नाही हो. सातवीत आहे. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचे.

भाषाशुद्धी: मुळात इलेक्ट्रिक कशाला, विद्युत म्हणा, आपला शब्द आहे.

जुनावायरमन: चाळीस वर्षं वायरिंग केलं, एकाही घरात कोणी विद्युत गेली म्हणालं नाही. लाईट गेली म्हणतात, मग पंखा बंद पडलेला असो नाहीतर मिक्सर. बिल आलं की लाईट बिल, झटका बसला की करंट. माणसं बोलतात तोच शब्द.

भाषाशुद्धी: मग वीज म्हणा की! लाईट म्हणजे उजेड, तो पंख्यात कुठून आला?

शब्दवेडी: दोघंही भांडू नका, यातच भाषणाचा गाभा आहे. वीज विद्युतवरून आली, चमकणारी, आकाशातली. इलेक्ट्रिक आलं घासलेल्या मण्यावरून. दोन्ही एकच हे १७५२ सालच्या प्रयोगांनी दाखवलं, मे महिन्यात फ्रान्समध्ये उंच लोखंडी दांड्यातून वादळी ढगाच्या ठिणग्या काढल्या, ती कल्पना अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनची, त्याचा वादळात पतंग उडवण्याचा प्रयोग त्यानंतरचा. आपण वीज म्हणतो तेव्हा ढगाकडून बोलतो आणि इलेक्ट्रिक म्हणतो तेव्हा मण्याकडून, हे मुलीला सांगू दे, ऐकणारे कान देतील.

जुनावायरमन: ताई राहता कुठे ते नाही सांगितलंत.

समईवात: रत्नागिरी. का? त्याचा काय संबंध?

जुनावायरमन: सगळा संबंध तोच. हवा दमट असली की चार्ज टिकत नाही, त्यात केसांना तेल असेल तर संपलंच. कंगवा सोडा, वायरिंगचा पीव्हीसी पाईप हातभर घ्या, साबणाने धुवून उन्हात वाळवा, लोकरीचा तुकडा इस्त्रीने गरम करून लगेच घासा. पंखा बंद ठेवा, नाहीतर कपटे आधीच उडतील.

आरटीओपास: पीव्हीसी बंगल्याला वापरू नका, उंदीर कुरतडतात, जीआय पाईप घ्या.

समईवात: केसांना तेल होतंच, रोज लावते ती. आता पाईप आणला, लोकर गरम केली. कपटे उचलले!! मग तिने स्वतःहून अंगणातली सुकलेल्या गवताची कुसळं आणून ठेवली, पाईप जवळ नेला तर एक कुसळ उभं राहिलं, थरथरलं आणि टपकन चिकटलं. तृणमणी म्हणाली आणि पळत भाषणाची वही आणायला गेली. भाषणात हेच करणार आहे, गवत घेऊन. शब्दवेडी, वायरमनकाका, मनापासून आभार.

जुनावायरमन: परवा सकाळी लोकर परत गरम करा, शाळेत नेईपर्यंत डब्यात बंद ठेवा.